कियारा, इरा, अनया: नवीन नावांचे खरे अर्थ कसे तपासायचे?

बारशाची_घाई:
मुलीचं बारसं तोंडावर आलंय. मृगशीर्ष नक्षत्र, चौथा चरण, म्हणजे नावरस अक्षर 'की'. 'कियारा' जवळजवळ ठरलंय, पण अर्थ एका वेबसाइटवर 'तेजस्वी' आणि दुसरीवर 'काळ्या केसांची' दिलाय. खरं काय? अक्षराचा हट्ट सोडला तर 'इरा' आणि 'अनया'ही यादीत आहेत. जाणकारांनी सांगा.

उपसर्ग:
दोन्ही अर्थ खरे, पण दोन वेगळ्या नावांचे. इटालियन 'किआरा' लॅटिन 'क्लारा'वरून आलं. अर्थ स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लारा इटलीत किआराच. आयरिश नावाचा उच्चार साधारण 'कीरा' असा, आणि मूळ शब्दाचा अर्थ काळा. रोमन लिपीत या दोन नावांत फक्त एका 'एच'चा फरक, म्हणून वेबसाइटवाल्यांनी त्यांची खिचडी केली. संस्कृतशी यातल्या कशाचाच संबंध नाही. कुठे 'पार्वतीचं एक नाव' असं दिसलं तर ते पान खुशाल बंद करा.

'इरा' मात्र अस्सल. अमरकोशात तिचे चार अर्थ आहेत: भूमी, वाणी, पाणी आणि मद्य. चौथा कुणी बारशात सांगत नाही, एवढंच!

'अनया'ला जपून. 'नय' म्हणजे नीती, म्हणून 'अनय' म्हणजे अनीती, झालंच तर संकट. 'जिच्याहून श्रेष्ठ कोणी नाही' हा अर्थ शब्दातून कसाही ओढला तरी निघत नाही. 'आरव'चंही तेच. सगळीकडे 'शांत' लिहितात, पण आ + रव म्हणजे आवाज, आरडाओरडा. शांत तो 'नीरव'.

कोशातला_किडा:
तपासायची रीत सांगतो. आपटे किंवा मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडा. दुसरा कोलोन विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. मुलीचं नाव थेट सापडलं नाही तर शेवटचा 'आ' काढून पुल्लिंगी रूप बघा. स्त्रीलिंग बऱ्याचदा त्याच नोंदीत आत दडलेलं असतं. तरीही नाही मिळालं तर शब्द फोडा: उपसर्ग, मूळ, प्रत्यय. फसगत इथेच होते. 'रेयांश'चा अर्थ 'प्रकाशकिरणाचा अंश' असा देतात, पण किरणाला संस्कृतात 'रे' म्हणत नाहीत. तो इंग्रजी 'रे' आणि त्याला जोडलेला संस्कृत 'अंश'. नाव वाईट नाही, फक्त ते 'प्राचीन वैदिक' म्हणून खपवू नये.

उलट 'विहान' नवं वाटतं, पण कोशात सरळ 'पहाट' म्हणून आहे. हिंदी पट्ट्यातलं 'बिहान' तेच.

सही_शिक्का:
अर्थाइतकंच स्पेलिंगही बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण त्यासाठी नाव ठरलेलं असण्याची गरज नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद करता येते. मग १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे दवाखान्यातून घरी सोडताना घाईघाईत काहीतरी सांगू नका. एकदा चढलेलं नाव बदलणं म्हणजे खेटे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

'ऋ' असलेलं नाव घेणार असाल तर आधी घरात एकमत करा. मराठी माणूस 'ऋचा' रोमनमध्ये 'आर-यू'ने लिहितो, हिंदी भाषक 'आर-आय'ने. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की प्रतिज्ञापत्रं सुरू. आणि नातेवाईक अमेरिकेत असतील तर 'इरा'चं रोमन स्पेलिंग तिकडे 'आयरा' असं वाचतात. ते पुरुषाचं हिब्रू नाव आहे. दीर्घ ईसाठी दोन 'ई' घातले की प्रश्न मिटतो.

बारशाची_घाई:
अनया बाद! 'की'वरून मराठीत रुळलेलं, तरी नवं वाटेल असं काही?

उपसर्ग:
'किमया' बघा. मूळ अरबी 'कीमिया', हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या. 'किमयागार' आपण रोज म्हणतो, त्यामुळे आजीलाही समजावून सांगावं लागणार नाही. 'किंजल'ही चालेल: 'किंजल्क' म्हणजे कमळातला केसर, पण ते गुजरातीत जास्त रुळलंय. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ यावर गुरुजी सहसा अडत नाहीत. अडलेच तर पत्रिकेत 'कीर्ती' लिहा आणि दाखल्यावर इरा. नावरस नाव दाखल्यावर असलंच पाहिजे असं कुठे आहे?