रोज सकाळी एक टॅरो कार्ड काढून वही लिहिणं, यात अंधश्रद्धा कुठे आली?

नौपाडा_निवांत
ऑफिसात माझ्या बॅगेतला टॅरोचा डेक, म्हणजे ज्यावरून लोक भविष्य सांगतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच, दिसला आणि दोघं-तिघं एकदम "तू पण यातली?" करायला लागले, म्हणून इथे नीट लिहितेय. मी भविष्य बघत नाही. सकाळी ठाणे-वाशी लोकलला निघायच्या आधी, चहा उकळेपर्यंत एक कार्ड काढते, डेकसोबतच्या पुस्तिकेतला अर्थ वाचत नाही, चित्रात पहिली नजर कुठे गेली ते वहीत लिहिते आणि त्यावरून स्वतःला एक प्रश्न विचारते, बस्स.

मध्यंतरी एट ऑफ कप्स, म्हणजे आठ पेल्यांचं कार्ड, आलं होतं. लाल कपड्यातला माणूस काठी टेकत डोंगराकडे चाललाय, पाठमोरा, आणि पुढे आठ पेले रचलेत, खाली पाच वर तीन, वरच्या ओळीत मध्येच एक जागा मोकळी. बहुतेकांना तो जाणारा माणूस दिसतो, माझी नजर त्या मोकळ्या जागेवरच अडकली. तेव्हा ऐरोलीची नोकरी सोडू की नको हे डोक्यात चालू होतं आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की पगार, माणसं, अंतर सगळं ठीक आहे, नवीन काही शिकायला मिळत नाहीये हीच एक गोष्ट कमी आहे. मग मॅनेजरशी तेवढंच बोलले. कोऱ्या वहीसमोर बसून मला हे सुचत नाही, चित्र समोर असलं की सुचतं.

हल्ली झाडांचा ऑरॅकल डेक पण वापरते. टॅरोत ७८ कार्डं ठरलेली असतात, ऑरॅकलला तसं काही बंधन नाही, ज्याने बनवला त्याची मांडणी. तुमचं काय मत?

खारघरचा_विवेक
ताई तुमच्या हेतूबद्दल शंका नाही पण मुळात हा प्रकार काय आहे ते बघा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला बनवले, निव्वळ डाव मांडायला. १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसाने हे प्राचीन इजिप्तचं ज्ञान आहे असं छापलं, पुरावा शून्य, आणि तिथून पुढे भविष्याचा धंदा वाढला.

दुसरं, चित्र आपल्यालाच लागू पडतं असं का वाटतं? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि 'हे तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून सगळ्यांच्या हातात एकच मजकूर ठेवला. तो किती लागू पडतो याला पोरांनी सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले! तुमच्या जागी माझ्या हातात ते पेले आले असते तर मलाही माझ्या आयुष्यात काहीतरी कमी सापडलंच असतं.

आणि हे सगळं 'फक्त रिफ्लेक्शन' म्हणूनच सुरू होतं हो. माझ्या मामेबहिणीचं तसंच झालं. आधी स्वतः काढायची, मग ऑनलाइन एक बाई मिळाल्या, मग स्थळ बघायचं तरी त्यांना फोन, घराचं टोकन द्यायचं तरी त्यांना फोन. आज ती साधा निर्णय एकटीने घेत नाही, घरात सगळ्यांना हे दिसतंय आणि बोलायची सोय नाही. मला याचा खरंच त्रास होतो म्हणून कडक लिहितोय.

नौपाडा_निवांत
@विवेक, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण फोररचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे की. कुठल्याही चित्रात माणूस स्वतःचंच बघणार, हे मला मान्य आहे आणि मला तेच हवंय! दुसऱ्याने अर्थ सांगितला की तो गळ्यात मारला जातो, मी स्वतः लिहिला तर तो माझ्या डोक्यातनंच आलेला असतो. खेळाचे पत्ते होते म्हणून चित्राची किंमत कमी होत नाही. आज सगळीकडे दिसतो तो डेक १९०९ चा, पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढलेला, आणि तिने साध्या अंकांच्या पत्त्यांवरही पूर्ण प्रसंग रंगवले म्हणून तर त्यावर एवढं लिहिता येतं.

सावंतवाडी_ते_सानपाडा
आमच्या गावाक देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या नाहीतर पानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. यावर विश्वास ठेवा नका ठेवू, पण तिथे चार मानकरी असतात, भाऊबंद असतात, निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची असते. तू स्वयंपाकघरात एकटी कार्ड काढतेस, चुकीचा अर्थ लागला तर अडवणारं कोण? माझा विरोध कार्डाला नाही, या एकटेपणाला आहे. नोकरीचं होतं तर आधी घरात बोलायचं ना बाय.

येऊरवाट
झाडांच्या डेकबद्दल कोणी बोललंच नाही. मी असे दोन-तीन डेक बघितलेत, सगळीकडे लॅव्हेंडर, रोजमेरी, डँडेलियन. जे झाड कधी हाताने चुरगाळलं नाही, ज्याचा वास माहीत नाही त्यावर ठाण्यातला माणूस काय चिंतन करणार, तो छापलेलं वाक्यच वाचणार ना.

आपल्या दारात काय कमी आहे? ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला जाऊन तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, बघा, चिखलातून पेन्सिलीएवढी श्वासमुळं वर आलेली असतात कारण खाली चिखलात हवाच नाही, आणि पानावर बोट फिरवलं तर मीठ लागतं, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. येऊरच्या डोंगरात कारवीची झुडपं आहेत, कारवी, वर्षानुवर्षं नुसती हिरवी, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. पुस्तिका कशाला लागते यावर लिहायला? आणि एक कळकळीची विनंती, कार्डावर झाड 'हृदयाला बळ देतं' असं काही वाचून पानं तोडून काढे करू नका. कण्हेर दिसायला किती छान, पण सगळं झाड विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम करतं.

नौपाडा_निवांत
@येऊरवाट, हे फार आवडलं, तिवराचं मी माझ्या हाताने कार्ड करणार. @सानपाडा काका, घरात बोललेच, पण काय बोलायचं ते आधी मला कळायला हवं होतं, वही त्यासाठीच.

खारघरचा_विवेक
एकच विचारतो, प्रामाणिकपणे सांगा. नको ते कार्ड आलं तर परत काढता का? समजा घरात कोणी आजारी आहे आणि तेरा नंबरचं डेथ आलं, घोड्यावरचा सांगाडा. दिवसभर पोटात गोळा येणार की नाही?

नौपाडा_निवांत
परत काढत नाही, हा नियमच केलाय, मनासारखं येईपर्यंत काढायचं तर ते चिंतन नाही, नवस झाला. आणि घरात आजारपण असेल, मन थाऱ्यावर नसेल तेव्हा डेक कपाटात. तेव्हा माणसं लागतात, डॉक्टर लागतात. इथे वाचणाऱ्या कोणाचं तसं चालू असेल तर सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन करा प्लीज. आणि दुसऱ्यासाठी कार्ड मी काढत नाही, मैत्रिणी कितीही मागे लागल्या तरी.

खारघरचा_विवेक
दुसऱ्यासाठी काढत नाही हे वाचून बरं वाटलं, बहिणीच्या बाबतीत तिथेच सगळं घसरलं होतं. तरी माझं मत बदललेलं नाही. स्वतःशी बोलायला चित्र हवं असेल तर रोजच्या पेपरातला एखादा फोटो घ्या, तिवर घ्या, टॅरोच का? त्याच्यामागे दोनशे वर्षांचा भविष्याचा बाजार उभा आहे आणि तुमच्यासारख्या विचारी बाईच्या हातात डेक बघून बाकीचे त्याच बाजारात जातात.

नौपाडा_निवांत
पेपरातल्या फोटोचं करून बघते, खरंच. डेक मात्र टाकणार नाही.