ऑफिसचं काम ईमेलवरून चॅटवर: जुळवून कोणी घ्यायचं, माणसांनी की पद्धतीनं?

कळफलक (धागाकर्ता)

ऑफिसात ईमेलच्या जोडीला स्लॅक, टीम्स किंवा तसलं एखादं चॅट आलं की महिन्याभरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, 'आता सगळं इथेच बोला.' दुसरा म्हणतो, 'महत्त्वाचं असेल तर मेल टाका.' माझं मत सरळ आहे: चॅट शिकून घ्यावं, आणि 'मला ते जमत नाही' हे उत्तर आता पुरत नाही. स्लॅक २०१३ मध्ये आलं, टीम्स २०१७ मध्ये. इतक्या जुन्या साधनाला 'नवं खूळ' म्हणून टाळता येत नाही.

मात्र बदल फसतो तेव्हा चूक बहुधा शिकणाऱ्याची नसते, राबवणाऱ्याची असते. सोमवारी सगळ्यांना आमंत्रण जातं. आठवडा संपायच्या आत वीस चॅनेल, म्हणजे विषयवार गप्पांचे कप्पे, उभे राहतात, त्यातले 'सर्वसाधारण', 'सर्वांसाठी' आणि 'महत्त्वाचे' हे तीन एकाच कामाचे. मेल तर चालूच असतो. मग जो तो दोन्हीकडे डोळा ठेवतो, एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारला जातो आणि त्याची दोन वेगळी उत्तरं येतात. इथे वैतागलेल्या माणसाला 'बदलाला विरोध करणारा' म्हणणं अन्यायाचं आहे.

मला पटणारी पद्धत अशी. आठ-दहा जणांची एकच टीम घ्यायची. सगळं काम हलवायचं नाही. एकच प्रकार हलवायचा, समजा रोजच्या कामाची स्थिती. चॅनेल जास्तीत जास्त तीन, आणि नाव वाचताच विषय कळला पाहिजे. चार आठवडे दोन्ही चालू. पाचव्या आठवड्यापासून त्या विषयाचा मेल आला तरी उत्तर चॅटवरच द्यायचं. ही शिस्त आधी साहेबांनी पाळायची. साहेब मेलवर उत्तरं देत राहिले तर खाली कोणीही हलत नाही, प्रशिक्षण कितीही द्या.

नस्ती

क्रम चांगला आहे, पण मूळ मुद्द्यावर असहमत. मेलमध्ये विषयाची ओळ असते, 'प्रति' आणि 'प्रत' वेगळे असतात. म्हणजे काम कोणाचं आणि नुसती माहिती कोणाला, हे मजकूर वाचण्याआधीच कळतं. चॅटने नेमकं हेच काढून घेतलं.

बारा जणांच्या चॅनेलमध्ये सकाळी ११ वाजता एक ओळ येते: 'उद्याचं ते पाठवलं का?' कोणाला विचारलं? 'ते' म्हणजे काय? कुठे पाठवायचं होतं? खाली तीन अंगठे पडतात. अंगठ्याचा अर्थ 'वाचलं', 'मान्य आहे' की 'मी करतो'? विचारणाऱ्याला वाटतं काम मार्गी लागलं. अंगठा देणाऱ्या तिघांना वाटतं उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी करेल. दुसऱ्या दिवशी काम झालेलं नसतं आणि दोष कोणाला द्यावा हेही कळत नाही. हा प्रश्न शिकण्या-न शिकण्याचा नाही, साधनाच्या घडणीचा आहे.

कळफलक

@नस्ती, उदाहरण अचूक दिलंत. पण तोच संदेश असा लिहा: '@अमुक, मे महिन्याचा साठा अहवाल गुरुवारी दुपारी ३ पर्यंत लेखा विभागाच्या फोल्डरमध्ये हवा. अडचण असेल तर आज सांगा.' माणूस, वस्तू, वेळ, जागा. चारही आले की चॅट मेलइतकंच पक्कं होतं. 'हाय, आहात का?' लिहून समोरच्याच्या उत्तराची वाट बघायची नाही; पहिल्याच संदेशात पूर्ण काम सांगायचं.

खुणांचे अर्थही ठरवून घेता येतात. डोळे म्हणजे 'पाहिलं, हातात घेतलंय', बरोबरची खूण म्हणजे 'झालं'. कामाच्या संदेशावर अंगठा बंद. हे तीन नियम चॅनेलच्या वर पिन करून ठेवायचे. आणि उत्तर त्या संदेशाच्या धाग्यातच द्यायचं, खाली नव्यानं लिहायचं नाही. धागे मोडले की दुपारपर्यंत पाच विषय एकमेकांत गुंततात आणि शोधून काही सापडत नाही.

विदागार

तुम्ही दोघं निदान ऑफिसच्या मालकीच्या चॅटबद्दल बोलताय. बऱ्याच ठिकाणी 'नवं तंत्रज्ञान आणलं' याचा अर्थ एवढाच असतो की व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही.

ग्रुप कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरवर चालतो. तो नोकरी सोडून गेला, ग्रुपमधून काढला, तरी तोवरचे सगळे संदेश आणि कागदांचे फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात. नवा माणूस आला तर आधीची पूर्ण चर्चा त्याला मिळत नाही. पाठवलेला संदेश साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांकडून पुसता येतो. गायब होणारे संदेश चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत नोंदच उडते. चॅट एक्सपोर्ट करून ठेवू म्हणाल, तर त्यालाही मर्यादा आहे: मीडियाशिवाय ४०,००० संदेश, मीडियासह १०,०००. गजबजलेला ग्रुप हा आकडा सहज ओलांडतो.

नोंदी न ठेवण्याची किंमत किती असते तेही बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने १६ वित्तीय कंपन्यांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. कर्मचारी धंद्याचं बोलणं खासगी फोनवरच्या संदेशांत करत होते आणि कंपन्यांनी ते जपलं नव्हतं, एवढं कारण पुरलं.

पाळीप्रमुख

@विदागार, नियम म्हणून पटतं. पण ज्यांच्याकडे ऑफिसचा ईमेलच नाही त्यांचं काय? यंत्रावर उभं राहून किंवा गाडी चालवून काम करणाऱ्यांसाठी पाळी बदलल्याची सूचना पोचवणारं एकच साधन असतं, आणि ते म्हणजे आधीच फोनमध्ये असलेलं ॲप. त्यांना 'आधी नवं खातं उघडा, पासवर्ड आठ अक्षरी ठेवा' सांगितलं की निम्मे जण लॉगिनच्या पडद्यावरच अडकतात. पोचलीच नाही ती सूचना कितीही सुरक्षित असून उपयोग काय?

वापरायचंच तर नीट वापरावं. सूचनांचा ग्रुप वेगळा काढा आणि सेटिंगमध्ये संदेश फक्त ॲडमिनना पाठवता येतील असं करा. नाहीतर वेळापत्रकावर पन्नास 'ओके' आणि शुभेच्छा जमतात, मूळ सूचना वर सरकते आणि रात्रपाळीचा माणूस ती चुकवतो. ॲडमिन किमान दोन, कारण एकटा ॲडमिन बाहेर पडला की ॲप आपणच कोणालातरी ॲडमिन करून टाकतं. कागदाचा किंवा पाटीचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि बारीक आकडे पुसट होतात. पगार, आजारपण, ओळखपत्रं असलं काही ग्रुपवर कधीच टाकायचं नाही.

टायपिंग जमत नाही म्हणून गप्प राहणाऱ्यांसाठी व्हॉइस संदेश वरदान आहे, तो बंद करू नका. फक्त घेणाऱ्याने खाली एक ओळ लिहावी: 'यंत्र ४ चा पट्टा सैल, सकाळी बदलायचा.' आवाज नंतर शोधता येत नाही, ओळ येते. कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून मराठीत बोललं तर अक्षरं उमटतात, हे पाच मिनिटांत दाखवून होतं. प्रशिक्षणात ते दाखवायचंच राहून जातं.

विदागार

वेळापत्रकापुरतं मान्य. पण सवय वेळापत्रकावर थांबत नाही, आठवड्याभरात खरेदीची मंजुरी त्याच ग्रुपवर मागितली जाते. म्हणून ग्रुपच्या वर्णनात 'इथे मंजुरी दिली जात नाही' ही ओळ पहिल्या दिवसापासून लिहा, आणि मागितलीच तर तिथे उत्तर देऊ नका.

पाणवठा

धागाकर्त्यांच्या 'शिकून घ्यावं' या शब्दांशी माझं भांडण आहे. शिकायचं नेमकं काय? कोणत्या बटणावर काय होतं हे शिकवाल, तर ते बटण टिकत नाही. फेसबुकने २०१६ मध्ये ऑफिसांसाठी वर्कप्लेस काढलं, माणसांनी ते घोकून शिकलं, आणि मे २०२४ मध्ये ते बंद करत असल्याची घोषणा झाली. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तिथे फक्त वाचता येणार, लिहिता येणार नाही, असं ठरलं. स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन जुलै २०२१ मध्ये संपलं, साधं स्काइप मे २०२५ मध्ये. चौथ्यांदा नवीन ॲप समोर आलं की माणूस सुस्कारा सोडतो. त्याला आळशी म्हणू नका, तो अनुभवाने शहाणा झालाय.

म्हणून नवं साधन घेताना पहिला प्रश्न 'आत कसं जायचं' हा नसावा, 'बाहेर कसं पडायचं' हा असावा. नोंदी कोणत्या रूपात मिळतात ते करार करण्याआधी प्रत्यक्ष काढून बघा. स्लॅकचा एक्सपोर्ट जेसन फाइलींत येतो, तो साध्या माणसाला वाचता येत नाही, आणि त्यात जोडलेल्या फाइली नसतात, फक्त त्यांचे दुवे असतात. फुकट योजनेत शेवटच्या ९० दिवसांचंच दिसतं. हे ठाऊक नसलं की चौथ्या महिन्यात कोणीतरी विचारतं, 'आपण जानेवारीत काय ठरवलं होतं?' आणि तो संदेश समोर येतच नाही.

नस्ती

+१. मेल एका सेवेतून दुसरीकडे नेता येतो, कारण त्याचे नियम एका कंपनीच्या हातात नाहीत. चॅटचे आहेत. माझ्या विरोधाचं अर्धं कारण हेच.

दिवेलागण

सगळे नोंदींवर बोलताय, माणसाच्या लक्षाबद्दल कोणीच नाही. मेल दिवसातून तीनदा उघडून चालतं. चॅटचा लाल ठिपका बोलावत राहतो. हिशोबाचा तक्ता जुळवणाऱ्याला दर दहा मिनिटांनी हाक मारली तर आकडा चुकणारच. मग तो चॅट बंद करून बसतो आणि 'जुळवून घेत नाही' असा शेरा मिळवतो.

यावर उपाय आहेत, पण ते वरून जाहीर झाले तरच चालतात. सूचना फक्त नाव घेतल्यावर वाजाव्यात, बाकी चॅनेल म्यूट. उत्तराची मुदत लिहून ठेवावी: चॅटवर चार तास, मेलवर एक कामाचा दिवस, खरंच तातडीचं असेल तर फोन. तातडीसाठी वेगळी वाट नसली की प्रत्येक संदेश तातडीचा होतो. '@चॅनेल' म्हणून सगळ्यांना हाक मारायचा हक्क दोघा-तिघांनाच द्यावा. स्लॅकमध्ये तशी सोय आहे.

कामाच्या वेळेनंतर सुचलं तर लिहा, पण पाठवायची वेळ सकाळची लावा. टीम्स आणि स्लॅक दोन्हींत पाठवण्याच्या बटणाशेजारीच ते मिळतं. साहेबांनी रात्री १० वाजता 'सावकाश बघा' लिहिलं तरी कोणी सावकाश बघत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर वाटाघाटी करणं कायद्याने भाग आहे. प्रश्न सवयींवर सोडून भागत नाही, म्हणूनच तो कायद्यात आला.

कळफलक

@दिवेलागण, चार तासांची मुदत मी माझ्या क्रमात पहिल्या आठवड्यातच घालेन; ती न लिहिणं ही माझी चूक. @पाणवठा, बटणांपेक्षा सवयी शिकवाव्यात हेही मान्य. माणूस-वस्तू-वेळ-जागा हा साचा कुठल्याही ॲपमध्ये चालतो.

एका गोष्टीवर मात्र मी हटत नाही. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवं स्वीकारणाऱ्यांची जी विभागणी मांडली, तिच्यात सर्वांत शेवटी येणारे १६ टक्के आहेत. त्यांच्यासाठी जुनी वाट कायम उघडी ठेवली तर उरलेल्या ८४ टक्क्यांना दोन्ही वाटा चालाव्या लागतात. मदत हवी तेवढी द्या: शेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच कामाचा खरा संदेश त्यांच्याच हातून पाठवून घ्या. सभागृहातल्या दोन तासांच्या स्लाइड-शोपेक्षा ही २० मिनिटं जास्त उपयोगी. पण जुनी वाट बंद करायची तारीख हवीच.

नस्ती

तारखेला विरोध नाही, पण तारीख ठरवण्याआधी त्या १६ टक्क्यांना विचारा की जुन्या वाटेवर ते नेमकं काय करत होते. उत्तर अनेकदा 'निर्णय जपून ठेवत होतो' असं निघतं. ते काम चॅटमध्ये कोण करणार, त्याचं नाव आधी ठरवा. माझी अट एवढीच: चॅटवर जे ठरलं ते त्याच दिवशी सामायिक दस्तऐवजात एका ओळीत जायला हवं, म्हणजे तारीख, निर्णय, कोणी घेतला आणि मूळ संदेशाचा दुवा. लिहिणारा दर आठवड्याला बदलायचा. ज्या आठवड्यात त्या दस्तऐवजात एकही ओळ पडली नाही, त्या आठवड्यात मेल बंद करायची तारीख पुढे ढकला.

कळफलक

मान्य. फक्त लिहिणाऱ्यांच्या पाळीत साहेबांचंही नाव हवं.