आयएनएस म्हैसूरच्या क्रेस्टवर दोन डोक्यांचा पक्षी कुठला?

तांडेल_७: आयएनएस म्हैसूर या विनाशिकेचा क्रेस्ट, म्हणजे जहाजाचं स्वतःचं चिन्ह, सागवानात कोरायचा आहे, व्यास 30 सेंमी. मधला दोन डोक्यांचा पक्षी कुठला? आणि नौदलाचं चिन्ह आता अष्टकोनी झालंय, मग कड गोल ठेवू की अष्टकोनी?

गलबत: गंडभेरुंड. म्हैसूरच्या वडियार घराण्याचं चिन्ह. कर्नाटकच्या राज्यमुद्रेतही तोच आहे. जहाजाचा क्रेस्ट हे बहुतेक वेळा जहाजाच्या नावाचंच चित्र असतं, त्यामुळे आधी नाव बघायचं, मग चित्र, मग ब्रीद.

इथलं ब्रीद 'न बिभेति कदाचन', कधीच भीत नाही. तैत्तिरीय उपनिषदात 'आनन्दं ब्रह्मणो विद्वान् न बिभेति कदाचन' असं आहे, त्यातला शेवटचा तुकडा उचललाय. नेटवर 'ना बिभेति' असंही सापडेल. ते बघून कोरलंत तर फळी गेली.

कोरताना धड एकच, माना दोन, तोंडं विरुद्ध दिशांना. दोन पक्षी पाठीला पाठ लावून चिकटवल्यासारखे दिसले की चुकलं. फळीची रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, उभी ठेवा म्हणजे माना टिकतील. पण मग चोची रेषेला आडव्या येतात आणि टोकाशी टवका उडतो. त्या सुट्या करू नका, मागचं लाकूड राहू द्या.

सुकाणू_धरा: आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही गंडभेरुंड आहेत, पण नमुना म्हणून फोटो काढताना शरभ उचलू नका. शरभ चार पायांचा, सिंहासारखा, डोकं एकच.

नाळ_वरवा: कड गोलच. अष्टकोन अख्ख्या नौदलाचा, क्रेस्ट एका जहाजाचा. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत विमानवाहू विक्रांत ताफ्यात आली, त्याच दिवशी नवा नौध्वज आला. त्यातला अष्टकोन म्हणजे आठ दिशा, आणि दुहेरी सोनेरी कड शिवरायांच्या राजमुद्रेवरून. आत नांगरावर सिंहशीर्ष, म्हणजे भारताचं राजचिन्ह, खाली 'शं नो वरुणः'.

गोल आकाराची गोष्ट जुनी आहे. ब्रिटिश जहाजांवर तोफेच्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून गोल बूच बसवत आणि त्यावर चिन्ह असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे या चिन्हांना शिस्त लागली: दोरखंडाची कड, वर शिडं आणि जहाजांचे पिछाडे असलेला नौमुकुट. आपल्याकडे दोरखंड राहिला, मुकुटाच्या जागी सिंहशीर्ष आलं.

पण सिंहशीर्ष कोरण्याआधी थांबा. राजचिन्हाच्या वापरावर 2005 चा कायदा आणि 2007 चे नियम आहेत; खासगी माणसाला ते मनाप्रमाणे वापरता येत नाही. घरच्या फळीवर वरचा भाग सोडून दोरखंड पूर्ण गोल फिरवा, दिसायलाही वाईट नाही.

तांडेल_७: सिंह वगळतो. दोरखंडाचे पीळ किती?

गलबत: कड 15 मिमी रुंद धरली तर तिच्या मधल्या रेषेचा व्यास 28.5 सेंमी, म्हणजे परीघ सुमारे 89.5 सेंमी. 60 पीळ केलेत तर दर पिळाला साधारण 15 मिमी, आणि आखणी सोपी: कोनमापकाने दर 6 अंशांवर खूण. नुसत्या पट्टीने मोजत गेलात तर शेवटचा पीळ हमखास अर्धा उरतो. सगळे पीळ एकाच बाजूला कलते हवेत, अर्ध्यावर दिशा उलटवू नका.

सुकाणू_धरा: ब्रीद आधी कागदावर काढून चिकटवा. 'बि'ची वेलांटी आणि 'ति'ची वेलांटी यांना वर जागा लागते. ब्रीदाची पट्टी अरुंद ठेवली की त्याच आधी तुटतात.