आईबाबांचं विमान पावणेचारला, घरातून निघायचं किती वाजता?

फ्रीमाँटहून (कॅलिफोर्निया), मंगळवार रात्री

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी सासूबाई आणि सासरे सहा महिने राहून पुण्याला परत निघालेत. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, मध्ये आखातात एक थांबा. विमान दुपारी पावणेचारचं. बाबांचं म्हणणं, सकाळी दहाला घर सोडायचं. नवरा म्हणतो, दीडला निघालो तरी डोक्यावरून पाणी. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. डेक्कन क्वीन सव्वासातची, तर हे सहाला पुणे स्टेशनवर हजर, आणि तेसुद्धा शिवाजीनगरला राहून! दोन दिवस घरात हाच विषय चाललाय. मी मध्ये पडले की दोघंही माझ्यावरच घसरतात. आईंसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. चार मोठ्या बॅगा, दोन लहान.

जाणकारांनी एक काय तो आकडा सांगावा. छापून फ्रिजवर लावीन.

नाना, सनीव्हेल

सूनबाई,

आकडा सांगतो, पण आधी हिशेब कुठून धरायचा ते बघा. लोक विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजतात आणि तिथेच फसतात. पावणेचारला विमान गेट सोडणार. आपला संबंध आहे तो सामानाचं काउंटर बंद होण्याशी. परदेशी उड्डाणाला बहुतेक कंपन्या ते एक तास आधी बंद करतात, काही त्याच्याही आधी. तिकिटाखालच्या बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा. म्हणजे तुमची खरी गाडी पावणेतीनची.

आता पावणेतीनपासून मागे या. काउंटरच्या रांगेला एक तास, कारण मुंबईच्या विमानाला प्रत्येकाच्या दोन बॅगा आणि वर एक प्रश्न असतोच. बॅग जड भरली तर उघडझाप करायला अर्धा तास. गाडी लावून ट्रॉली मिळवायला पाव तास. फ्रीमाँटहून सॅन मटेओचा पूल धरून पन्नास मिनिटं, आणि पुलावर कुणी कुणाला ठोकलं असेल तर म्हणून आणखी अर्धा तास. अकरा चाळीस झाले. व्हीलचेअर आहे म्हणून अजून अर्धा तास धरा, कारण काउंटरनंतरची सुरक्षा तपासणी तिच्या वेगाने होणार आणि गेट पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. अकरा दहा आले, ठोकळमानाने सव्वाअकराला घर सोडा.

तुमच्या बाजूची एक गोष्ट म्हणजे इथून जाताना इमिग्रेशनची रांग नसते. अमेरिका बाहेर जाणाऱ्याच्या पासपोर्टावर शिक्का मारत नाही. बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर 'शिक्का राहिला' म्हणून ते गेटवरून परत फिरतील. आमच्या मातोश्री अशाच फिरल्या होत्या. तेव्हा, म्हणजे २००१ च्या सप्टेंबरच्या आधी, पोचवायला गेलेल्यांना थेट गेटपर्यंत जाता यायचं, म्हणून मी तिथेच होतो आणि निभावलं.

फ्रीमाँटहूनच, बुधवार सकाळ

मी हाच तो दीड वाजताचा नवरा. बायकोने घरचं भांडण चारशे लोकांना पाठवलंय हे ऑफिसात कळलं.

नाना, मान्य, पण विदा माझ्या बाजूने आहे. मी महिन्यातून तीनदा सिएटलला जातो. प्रीचेक आहे, म्हणजे सुरक्षा तपासणीची वेगळी झटपट रांग, आणि पाठीवर एक सॅक. घर ते गेट सव्वा तास, एकदाही विमान चुकलेलं नाही. लवकर जाऊन करायचं काय? सतरा डॉलरचं सँडविच खायचं?

नाना, सनीव्हेल

चिरंजीव,

तुमचं प्रीचेक तुमच्यापुरतं. आईबाबांच्या बोर्डिंग पासवर ते उमटत नाही. सिएटलला जाताना तुम्ही काउंटरचं तोंड तरी बघता का? इथे बॅगेला तेवीस किलोची मुभा, चार बॅगा म्हणजे ब्याण्णव किलो. दीडला निघून दोन वीसला टर्मिनलच्या दारात, काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं. तेवढ्यात तुमची ट्रॉलीसुद्धा मिळायची नाही.

आणि एकदाही विमान चुकलं नाही याचा अर्थ तुम्ही हुशार आहात असा होत नाही. एकदा चुकू द्या, मग सासऱ्यांना फोन करून सांगायची पाळी बायकोवर येईल.

मिल्पिटासहून

नमस्कार, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. काका-काकू पुण्यालाच चाललेत, तर कोथरूडला भाचीसाठी एक छोटंसं पाकीट नेतील का? अगदीच लहान आहे. अर्धा किलो. भाची घरी येऊन घेऊन जाईल.

कुपर्टिनोच्या वहिनी

पाकिटाचं तुमचं तुम्ही बघा. मी सामानाबद्दल लिहिते, कारण नानांनी उघडझापेला अर्धाच तास धरलाय.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या वेळी घरच्या काट्यावर बॅग बावीस नऊशे भरली होती. काटा म्हणजे बाथरूममधला. मी बॅग कवेत घेऊन उभी राहायचे आणि माझं वजन वजा करायचे. काउंटरवर तीच बॅग चोवीस सहाशे! मग तिथल्या गुळगुळीत फरशीवर बॅग आडवी, आई खाली मांडी घालून, मागे पन्नास माणसं. आधी कॉस्टकोचे बदाम निघाले, मग गोळ्यांच्या तीन बाटल्या, मग झिपलॉकच्या पिशव्यांचं न फोडलेलं खोकं, मग भांडी घासायचा साबण. आई, भांडी घासायचा साबण? 'अगं इथल्याला फेस छान येतो.' प्रत्येक वस्तू ती हातात धरून तोलायची आणि दुसऱ्या बॅगेत सारायची, आणि दुसरी बॅग तेवीस दोनशे. शेवटी दोन स्वेटर अंगावर चढवून ती ऑगस्टात विमानात बसली. यात चाळीस मिनिटं गेली.

हातात धरून बॅग उचलायचा काटा मिळतो, तो आणा. प्रत्येक बॅग बावीसवरच थांबवा. आणि तूप, लोणचं हातातल्या बॅगेत अजिबात नको. ते त्यांना 'द्रव' धरतात आणि शंभर मिलिलिटरच्या वर सोडत नाहीत. लोणचं द्रव कसं, यावर तिथे वाद घालून उपयोग नाही, मी घालून पाहिलाय.

व्हीलचेअर: तिकिटावर नोंद असली तरी खुर्ची आपोआप हजर होत नाही. मुंबईच्या विमानाला वीस-पंचवीस खुर्च्या लागतात आणि ढकलणारी माणसं त्याहून कमी. काउंटरवर पोचल्या पोचल्या सांगा, आणि बाबांनी खुर्चीच्या मागोमाग चालायचं. मध्ये दुकानं बघत राहिले तर आई पुढे आणि पासपोर्ट मागे, असं होतं.

डब्लिनहून (आयर्लंडचं नव्हे, कॅलिफोर्नियातलंच)

नाना, वहिनी, तुमचं सगळं खरं. पण लोक चुकतात ते परतीच्या प्रवासात, मुंबईहून येताना, आणि तेही घड्याळात नाही तर कॅलेंडरात.

आमच्या घरातलीच गोष्ट. तिकिटावर १५ तारीख, वेळ शून्य शून्य पन्नास. वडील १५ च्या संध्याकाळी पुण्याहून टॅक्सीत बसले. कुठे घाट अडला नाही, चेंबूरला नडलं नाही, साडेनऊला मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलच्या दाराशी. तिथल्या जवानाने तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, पुन्हा तिकीट बघितलं आणि म्हणाला, 'काका, हे काल रात्री गेलं.' तीन तास आधी पोचून एकवीस तास उशीर. वडील बँकेत हेडकॅशियर होते, आयुष्यात एका रुपयाचा फरक पडला नाही! तेव्हापासून आमच्याकडे नियम असा की मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर वहीत '१४ ची रात्र, जेवून निघणे' असं लिहायचं. तारीख लिहायची नाही.

मुंबईला इथल्यापेक्षा दोन टप्पे जास्त. दारातच तिकीट-पासपोर्ट बघतात, ज्याला जायचंय त्यालाच आत सोडतात. आणि जाताना इमिग्रेशन आहे. त्यावर एक तोड निघाली आहे, ती कुणी वापरताना दिसत नाही. भारत सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची सोय, जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली आणि जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहे. भारतीय पासपोर्टवाले आणि ओसीआयवाले (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक), दोघांना चालते, फुकट आहे. ऑनलाइन अर्ज, एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, मग यांत्रिक फाटकातून पार. डिजियात्रा ती ही नव्हे, ती देशांतर्गत विमानांसाठी.

अजून एक. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय. 'मुंबईचं तिकीट' एवढ्यावर विसंबू नका. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. पुढे देशातलं जोडतिकीट वेगळं काढलं असेल तर हे आधी बघा, नाहीतर एक विमान अंधेरीला आणि दुसरं उलव्याला. मध्ये खाडी आहे.

आणि अबू धाबीमार्गे अमेरिकेला येणाऱ्यांनो, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, २०१४ पासून. इथे उतरल्यावर सुख, पण तिथे दीड तासाचा थांबा घेतलात तर पळापळ ठरलेली.

मिल्पिटासहून

छान माहिती. पाकिटाचं काय?

नाना, सनीव्हेल

ताई, कुणी दिलेली वस्तू आहे का, असं बाबांना विचारलं तर त्यांनी काय सांगायचं? न्यायचंच असेल तर उघडं आणून द्या, समोर भरा.

फ्रीमाँटहून, रविवार दुपार

मंडळी, वृत्तांत.

सव्वाअकरा ठरलं. बाबा दहापासून बूट घालून सोफ्यावर. अकरा वीसला निघालो, पूल मोकळा, बारा पाचला टर्मिनलमध्ये. नवरा माझ्याकडे बघून हसला, कारण काउंटर उघडलेलंच नव्हतं! पाऊण वाजता उघडणार होतं. आता दोन तास नवऱ्याचे टोमणे, असं मनात म्हणतेय तोवर पाहिलं तर बंद काउंटरसमोर आमच्या आधीच चाळीसेक माणसं आणि दोनेकशे बॅगा. प्रत्येक घरात एकेक बाबा असतातच. नवरा गप्प झाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

वहिनींचा काटा घेतला होता. तीन बॅगा बावीसच्या आत. चौथी तेवीस आठशे. बाबा म्हणाले, 'अशक्य, मी स्वतः तोललीय.' ती तोलली शुक्रवारी सकाळी, आणि मिल्पिटासचं पाकीट आलं शुक्रवारी रात्री. अर्धा किलो म्हणून दिलेलं ते पाकीट काउंटरच्याच वजनावर ठेवलं, नऊशे साठ ग्रॅम.

आईंची खुर्ची यायला पस्तीस मिनिटं लागली. सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी आईंनी नातवाचा पापा घेतला, मग पुन्हा घेतला, खुर्चीवाला मुलगा समजूतदार होता, थांबला. दोन चाळीसला बाबांचा गेटवरून फोन. 'पोचलो. शिक्का मारत नाहीत हे खरंय. अजून बोर्डिंग नाही. खिडकीशी बसलोय, समोर आपलंच विमान उभं आहे, त्यात जेवणाच्या गाड्या चढवतायत, सात मोजल्या.' आवाज असा की पाच वर्षांत ऐकला नव्हता. नवऱ्याने फोन घेतला आणि पार्किंगमध्ये उभा राहून वीस मिनिटं त्यांच्याशी गाड्यांबद्दल बोलत बसला. पार्किंगचे पैसे त्यापायी वाढले, ते त्यानेच भरले.

मिल्पिटासच्या ताई, पाकीट आमच्या ओट्यावर आहे. रोज सातनंतर कधीही येऊन न्या. येण्याआधी फक्त फोन करा.