बाटलीचं निपल आणि अंगावरचं दूध: तुमचा अनुभव काय?

लेक चार महिन्यांची. २६ आठवड्यांच्या रजेतले चार बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे पुढच्या महिन्यात मी परत हिंजवडीला. दूध काढून ठेवायचं जमतंय, पण बाटली तोंडाला लावली की ही जिभेने ढकलून देते. दुकानात निपलांची भिंतच आहे आणि प्रत्येक पाकिटावर 'अगदी आईसारखं'. काय घेऊ?

खराडीकरीण
त्या 'आईसारखं'ला मीही फसले. महागडं, रुंद तोंडाचं, दोन नंबरचं (नंबर जितका मोठा, तितकं दूध भराभर येतं) घेतलं, कारण पाकिटावर 'तीन महिन्यांपुढे' लिहिलेलं. पोरगा पाच मिनिटांत बाटली रिकामी करायचा. ओठांच्या कडेने दूध ओघळ, ठसका, वर पोटात वारा. आठ-दहा दिवसांत अंगावर घेतलं की पान्हा फुटायच्या आतच रडारड सुरू, कारण तिथे ओढावं लागतं ना! डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटी धरायला लावली. धारच लागली. म्हणाल्या, थेंब थेंब पडलं पाहिजे.

मग एक नंबर आणला, साधा, स्वस्तातला. पाजायची पद्धतही बदलली: उताणं झोपवून नाही, मांडीवर बसतं धरून, बाटली जवळपास आडवी, मध्येमध्ये थांबत. पंधरा-वीस मिनिटं लागायला लागली आणि अंगावरची कटकट थांबली. वर्षाचा होईपर्यंत तोच नंबर चालला. पाकिटावरचं वय बघूच नका, बाळाचा घोट बघा.

एक बाबा, सिंहगड रोड
आईने बाटली देऊ नये. आमच्याकडे बायको घरात असली की वासानेच चिरंजीव संप पुकारायचे. तिला खाली बागेत पाठवलं, निपल कोमट पाण्यात बुडवून घेतलं, पोर कडकडून भुकेजायच्या आधीच दिलं. तिसऱ्या दिवशी घेतलं. पहिल्या दोन दिवसांचं काय विचारू नका.

वाघोली
आमच्याकडे टँकरचं पाणी. उकळून काढलेल्या निपलावर पांढरी पूड दिसायची. मला वाटलं दूध राहिलंय, म्हणून घासून घासून भोक मोठं केलं. ते क्षार होते! आता उकळायला फिल्टरचं पाणी घेते आणि पातेल्यात अधूनमधून व्हिनेगर घालून ठेवते. आधी गार पाण्याने खळखळून, मग साबण-ब्रश, निपल उलटं करून आतूनही, भोकातून पाणी दाबून काढायचं, आणि मगच उकळायचं. नुसतं उकळून आतला साय-थर जात नाही. वापरण्याआधी ओढून बघा: चिकट लागलं, चीर दिसली, की थेट कचऱ्यात.

सदाशिव पेठेतली आजी
आमच्या वेळी पिवळट रबराचं निपल असे. दूध नीट येईना की स्टोव्हवर सुई तापवून भोक मोठं करायचो! परवा तेच करायला गेले तर सुनेने हात धरला. बरोबर आहे तिचं, कबूल. पण मी म्हणते, माझ्या कपाटातलं चांदीचं बोंडलं, चोचीची छोटी वाटी हो, काय वाईट? ना भोक, ना नंबर.

कोथरूड
आजींना अनुमोदन. आम्ही बाटली आणलीच नाही, वाटी-चमच्याने पाजलं. सांडतं भरपूर, पण धुवायला सोपं. आणि दवाखान्यात बाटल्यांची पोस्टरं का नसतात, लक्षात आलंय का? १९९२ च्या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे.

(धागाकर्ती)
आजी, बोंडलं सासूबाईंकडे निघालं, पण लेकीने ते नाकावर ओतून घेतलं. शेवटी एक नंबर, बाबांची मांडी. आज तिसरा दिवस, ४० मिली गेलं. मी खाली पार्किंगमध्ये उभी होते. वरून तिचा आवाज आला आणि कुर्ता भिजला.