पाणीकपात जानेवारीत ठरवायची की एप्रिलमध्ये? (ठाणे–नवी मुंबई)

मोरबे_८८
ऑक्टोबरात धरण भरलं की सगळे निर्धास्त आणि मे उजाडला की धावपळ, हे किती वर्षं चालवायचं? माझं मत असं की कपातीचा निर्णय १ जानेवारीला व्हावा, तोही आधीच जाहीर केलेल्या तक्त्यावरून. कुणाच्या मर्जीवर नको.

हिशेब बघा. नवी मुंबईचं मोरबे धरण पातळी ८८ मीटरला गेली की भरतं, साठा साधारण १९० दलघमी (दशलक्ष घनमीटर). रोजचा उपसा ४५० दशलक्ष लिटर धरला, तर तो झाला ०.४५ दलघमी. १ जानेवारी ते ३० जून या १८१ दिवसांत १० टक्के कपात केली तर ८.१ दलघमी वाचतात, म्हणजे पूर्ण पुरवठ्याचे १८ दिवस. तेच १८ दिवस १ एप्रिलपासून मिळवायचे तर २० टक्के कापावे लागतात. २०२३ मध्ये मुंबईत मॉन्सून ११ जूनऐवजी २५ जूनला आला. चौदा दिवस तिथेच गेले. वर तापलेली जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते, त्यामुळे आवक लगेच सुरू होत नाही ते वेगळंच.

तक्ता उलट्या बाजूने करायचा. १५ जुलैला किमान किती साठा हवा ते ठरवा आणि मागे येत दर पंधरवड्याचा उपसा व बाष्पीभवन मिळवत जा. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी उडालं तर दर चौरस किलोमीटर पाणपसाऱ्यामागे रोज ५० लाख लिटर जातात. साठा त्या तारखेच्या रेषेखाली गेला की कपात सुरू.

घणसोलीकर
साफ असहमत. कोकणातली धरणं बहुतेक वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरतात. जानेवारीपासून लोकांची तोंडं बांधून वाचवलेलं पाणी शेवटी सांडव्यावरून जाणार. आणि जानेवारीत तुमच्या हातात माहिती तरी कोणती असते? हवामान विभागाचा पहिला हंगामी अंदाज एप्रिलमध्ये येतो. त्याआधीचे एल निनोचे अंदाज सगळ्यात कच्चे. २०२३ चंच घ्या: देशात जुलैचा पाऊस सरासरीच्या १३ टक्के वर, ऑगस्टचा ३६ टक्के खाली, १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. हंगामाची बेरीज मात्र ९४ टक्के. त्या एका आकड्यावरून मोरब्यात कधी किती पाणी येणार, हे कसं काढणार?

मोरबे_८८
जानेवारीत मी अंदाजावर विसंबतच नाही. साठा आणि उपसा मोजलेला आहे, मॉन्सूनच्या आगमनाच्या तारखा शंभर वर्षांच्या नोंदींत आहेत. तेवढं पुरेसं आहे. अंदाज मे महिन्यात कामाला येतो: दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा. तोही कपात वाढवायची की आहे तशी ठेवायची, एवढ्यापुरताच.

उल्हासकाठ
दोघेही फक्त धरणाचं बोलताय. ठाण्याचं पाणी चार ठिकाणांहून येतं: पिसे इथली महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (पाणीपुरवठा करणारी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. स्टेम आणि एमआयडीसी उल्हास नदीतून उचलतात. उन्हाळ्यात त्या नदीला स्वतःचं पाणी फारसं नसतंच, कारण बेसॉल्टच्या कातळात भूजल थोडंच मुरतं आणि पावसाळा सरला की झरे झपाट्याने आटतात. उरतं ते बारवी धरणातून सोडलेलं आणि आंध्र धरणाचं पाणी. आंध्रचं पाणी भिवपुरीला वीज तयार होऊन नदीत उतरतं, म्हणजे ते जनित्रांच्या वेळापत्रकावर चालतं.

इथे साठ्याचा तक्ता अपुरा आहे. विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजायला हवा, आणि घोळ तिथेच होतो. नदीतल्या मोजपट्टीवरची पातळी वाचून, कुठल्या पातळीला किती विसर्ग हे दाखवणाऱ्या वक्रावरून (आलेखावरून) विसर्ग काढला जातो, तो वक्र पुराच्या वेळी ठीक असतो. मार्चमध्ये पात्रात जलपर्णी तटली की पाणी तुंबतं, पट्टी वर दिसते आणि प्रवाह मात्र घटलेला असतो. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पट्टी असेल तर तीच फसगत. फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला, जलपर्णी नसलेल्या सरळ छेदात, प्रवाहमापक पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर धरून प्रत्यक्ष मोजणी करावी आणि वक्र दुरुस्त करावा. त्याशिवाय कुठलाही अंदाज लावणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

शून्य_दाब
टक्केवारीवर वाद घालताना कपात होते कशी तेही बघा. आठवड्यातून २४ तास बंद म्हणजे कागदावर १४ टक्के. प्रत्यक्षात सोसायट्या आदल्या दिवशी टाक्या काठोकाठ भरतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतात, बचत निम्म्यावर येते. रिकाम्या जलवाहिनीत हवा भरते, कळवा-मुंब्र्याच्या चढावरच्या आणि शेवटच्या टोकाच्या वस्त्यांना पुढचे दोन दिवस दाब मिळत नाही. शिवाय गळक्या सांध्यांतून बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं. कपात करायची तर जलकुंभाच्या व्हॉल्व्हवर रोज थोडी करा, बंद पाळू नका.

घणसोलीकर
रोजची कपात बंदपेक्षा बरी, हे मान्य. जानेवारी अजूनही मान्य नाही. आणि तक्ता करणारच असाल तर कपात उठवण्याची रेषाही त्यात आधीच लिहा. पहिल्या जोरदार पावसावर उठवायची नाही, सलग सात दिवसांची सरासरी आवक उपशापेक्षा जास्त झाली की उठवायची. ती आवकही साठ्यातला फरक, उपसा, बाष्पीभवन आणि सांडव्यावरून गेलेलं पाणी यांच्या बेरजेतून काढा, आणि साठ्याची सारणी (कुठल्या पातळीला किती साठा, तो तक्ता) गाळ बसण्याआधीची असेल तर आधी ती नव्याने मोजून घ्या.