समाजमन म्हणजे नक्की कोणाचं मन?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. नोकरीतून मोकळी झाल्यापासून समाजशास्त्र आणि मानसशास्त्र वाचायचा नाद लागलाय, शिक्षण सगळं कॉमर्सचं त्यामुळे पार पहिल्यापासून सुरुवात, आणि वाचता वाचता रोजचे साधे शब्दसुद्धा अडवायला लागलेत. सध्या अडलंय ते 'समाजमन'पाशी. पेपरात हा शब्द हमखास भेटतो, 'समाजमन सुन्न', 'समाजमन हेलावलं', 'समाजमन ढवळून निघालं'. हे मन कोणाचं? आणि जनमानस, लोकभावना, लोकमत असे शब्द हाताशी असताना हा वेगळा कशाला लागतो?

एक गोष्ट लक्षात आलीय, बघा पटतेय का. या शब्दाची क्रियापदं जवळजवळ ठरलेली आहेत. समाजमन सुन्न होतं, हळहळतं, पेटून उठतं, फार तर बदलतं. 'समाजमनाने हिशोब मांडला' किंवा 'समाजमनाला शंका आली' असं माझ्या वाचनात आलेलं नाही. लोकमत अजमावता येतं, तयार करता येतं, ते विरोधात जातं, म्हणजे तिथे माणसं विचार करून बाजू घेतायत हे धरलेलं असतं. समाजमनाला फक्त वाटतं. मनाचं विचार करायचं काम या जोडशब्दात कुठे गेलं?

प्रतिसाद

क्रियापदांचं निरीक्षण भारी आहे ताई. तुम्ही समाजशास्त्र वाचताय तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम आलाच असेल. 1893 साली श्रमविभागणीवरच्या प्रबंधात त्याने जी कल्पना मांडली तिला मराठीत कोणी सामूहिक जाणीव म्हणतं कोणी सामूहिक सदसद्विवेक, कारण मूळ फ्रेंच शब्दात दोन्ही अर्थ आहेत. एका समाजातल्या सर्वसाधारण माणसांच्या सामायिक श्रद्धा आणि भावना मिळून एक व्यवस्था होते आणि तिला स्वतःचं आयुष्य असतं, असं त्याचं म्हणणं. माणसं जन्मतात मरतात, ती मागे उरते.

आता पेपरातलं 'सुन्न' घ्या. तो म्हणतो, एखादी कृती गुन्हा आहे म्हणून लोकांना धक्का बसतो असं नाही, लोकांच्या सामायिक भावनेला धक्का बसतो म्हणून ती गुन्हा ठरते. म्हणजे ही सामायिक गोष्ट एरवी दिसतच नाही, दुखावली की दिसते. बातमीदाराने द्यूरकेम वाचलेला असो नसो, 'समाजमन सुन्न' हा वापर मला त्यामुळे अगदी चपखल वाटतो.

प्रतिसाद

मनाचं चाललंय ते ठीक, पण आधी 'समाज' बघा ना, खरा गुंता तिथेच आहे. अमरकोशात 'पशूनां समजोऽन्येषां समाजः' असं आहे, जनावरांचा तो समज आणि इतरांचा तो समाज (आपल्या मराठी 'समज'शी याचा काही संबंध नाही, तो शब्द सम्बुध्यते, संबुज्झइ असा प्राकृतातून आलेला). मुळात समाज म्हणजे एकत्र जमलेले लोक. गिरनारच्या शिलालेखात अशोक 'न च समाजो कतव्यो' म्हणतो तेव्हा तो जत्रा-मेळाव्यांना मनाई करतोय, सोसायटीला नव्हे!

मग एकोणिसावं शतक. 1867 ला मुंबईत प्रार्थना समाज, 1873 ला पुण्यात जोतीरावांचा सत्यशोधक समाज, 1875 ला मुंबईतच आर्य समाज. यातला समाज म्हणजे एका विचाराने एकत्र आलेली माणसं, त्यात आपणहून जायचं असतं. आणि आज? 'आमच्या समाजात असं चालत नाही', 'समाजाचा वधूवर मेळावा', इथे समाज म्हणजे सरळ जात. त्यात कोणी अर्ज करून जात नाही, जन्मतो. आणि तिसरा समाज तुमच्या पुस्तकातला, सगळे मिळून. त्यामुळे 'समाजमन हेलावलं' वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठल्या समाजाचं? एकाच तालुक्यात एका घटनेने एका वस्तीचं मन हेलावतं आणि शेजारच्या वस्तीत पानसुद्धा हलत नाही, आणि बातमी मात्र एकच मन असल्यासारखी. मला हा शब्द त्यासाठी खटकतो, त्याखाली न हललेली माणसं झाकली जातात.

मूळ प्रश्नकर्ती

वा, जोतीरावांचा मुद्दा फार महत्त्वाचा, आपणहून जायचा समाज आणि जन्माने मिळालेला समाज हा फरक मला पुस्तकात इतका स्पष्ट भेटला नव्हता.

द्यूरकेमवरून मला आपली 'जनाची नाही तर मनाची तरी' आठवली. या म्हणीत जन आणि मन सरळ समोरासमोर उभे केलेत, दोन वेगळ्या लाजा. तुकोबांचं 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता' घ्या, तिथेही मन साक्षीदार आणि बहुमत पलीकडच्या बाजूला. दुसरीकडे 'पाचामुखी परमेश्वर'सुद्धा आपलंच, म्हणजे पाच जणांच्या तोंडून आलं ते खरं माना. दोन्ही बाजू मराठीत नांदतायत. पण द्यूरकेम म्हणेल की बाई, मनाची लाज तरी आली कुठून, लहानपणी घरात, गल्लीत, शाळेत जनांनीच ती आत घातली ना? हे वाचल्यापासून मला ती म्हण पूर्वीसारखी सरळ वाटतच नाही. तरीही मला वाटतं तुकोबांच्या ओळीत काहीतरी असं आहे जे नुसतं आत घातलेलं नाही, नाहीतर बहुमताच्या विरुद्ध साक्ष द्यायला मन उभं कसं राहिलं असतं?

प्रतिसाद

याला र. धों. कर्वे हे उदाहरण घ्या. 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, 1927 पासून 1953 ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात वकील डॉ. आंबेडकर होते. तेव्हाचं समाजमन अर्थातच दुखावलेलं. आणि 1952 ला स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. द्यूरकेमनेही हे म्हटलंय बरं का, आजचा गुन्हेगार कधीकधी उद्याची नीती आधीच जगत असतो, त्याने सॉक्रेटिसचं उदाहरण दिलंय. म्हणजे त्याच्या मांडणीत एकट्या माणसाला जागा आहे. आणि मासिकाचं नाव बघा, ज्या समाजाने खटले भरले त्याच्याच स्वास्थ्यासाठी.

मूळ प्रश्नकर्ती

हे उदाहरण मी वहीत लिहून ठेवलं. आता माझ्यापुरता वापर ठरवतेय. मोजता येण्याजोगं असेल तर लोकमत, एका प्रसंगापुरतं असेल तर लोकभावना, आणि वर्षानुवर्षं न तपासता चालत आलेलं असेल तर समजूत, हा शब्द मला फार आवडतो कारण समजूत चुकीची असू शकते, घालता येते, काढता येते आणि बदलतासुद्धा येते. समाजमन मी वापरेन तेव्हा 'कुठल्या समाजाचं' हे त्याच वाक्यात सांगेन. कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात 'समाज' शब्द बोलण्यात नेमका कसा येतो, जातीशिवायच्या अर्थाने घरात कोणी वापरतं का, हे तिकडच्या मंडळींनी जरूर लिहा, शक्यतो कानावर पडलेल्या वाक्यासकट.